भोगावतीच्या वाटेवरची भाड्याची सायकल

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली, की मडिवाळप्पाचा धंदा बसायचा. तसा तो त्या वर्षीही बसला होता. बाळीवेशीजवळ त्याचं दुकान होतं. तिथं तो तासावर सायकली भाड्यानं देई आणि मोडलेल्या दुरुस्त करी. सायकल त्याला स्वतःलाही येत होती, पण ती ठीक झाली की नाही हे बघण्यापुरतीच तो बसायचा, दुकानापासून समोरच्या पिंपळापर्यंत आणि परत. हलवायानं रोज जिलेबी खाल्लीच पाहिजे असं कुठं आहे, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या गिऱ्हाइकांत बिरप्पा नावाचा एक तरणा धनगर होता. घरची मेंढरं सोडून तो गिरणीत कामाला लागला होता. दर सुट्टीला तो तासाभरासाठी सायकल घेई, सिद्धेश्वराच्या तळ्याला फेऱ्या मारी आणि तास भरायच्या आत परत आणून लावी. असा माणूस परत आलाच नाही तर काय करायचं, याचा मडिवाळप्पानं कधी विचार केलेला नव्हता. त्या रविवारी बिरप्पा परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मडिवाळप्पा गिरणीजवळच्या त्याच्या खोलीवर गेला. तिथं त्याचा सोबती कुंडलिक दात घासत होता.

"तो आन् सायकल, दोगंबी न्हाईत," कुंडलिक म्हणाला. "पुन्याच्या सडकंनं जरा जाऊन येतो म्हनला हुता."

मडिवाळप्पानं दुकानातली त्यातल्या त्यात बरी सायकल काढली, हत्यारांची पिशवी आणि पंप मागं बांधला.

"ऊटा करून तरी जावा," बायको सुंदरम्मा म्हणाली. तिच्या मराठीत कानडी असायचीच.

"जेवायला दुपारी घरीच येतोय. तोवर दुकान बघ," असं सांगून तो निघाला.

पुण्याच्या सडकेवर बैलगाड्या होत्या आणि एका मोटारीनं त्याच्या अंगावर भरपूर धूळ टाकली. लांबोटीला सीनेच्या पुलापाशी दगडाबाई नावाची म्हातारी हुरडा भाजत बसली होती. सायकलवरचा माणूस बघितला का, असं त्यानं विचारलं.

"बगितला की. काल दुपारी. मला म्हनला, ही वाट कुटं जाती? म्या म्हनलं, नदीकाठानं जाती. बरं म्हनला आन् गेला."

"कशाला गेला?"

"ते म्या इचारलं न्हाय. तुमी कुटं निगालाव?"

"त्याला धरायला."

"मग तुमीबी त्याच वाटंनं जावा," दगडाबाई म्हणाली आणि कणसं हलवायला लागली.

वाट मुरमाची होती. माणसं ज्वारीच्या राखणीला रानात, त्यामुळं वाटेवर ना गाडी ना मोटार. चाकांखाली मुरूम करकरत होता आणि डाव्या हाताला सीनेचं पाणी वाळूतून अंग चोरून चाललं होतं. बिरप्पा सापडल्यावर त्याला काय काय बोलायचं, हे मडिवाळप्पा मनाशी घोकत होता. सुरुवात त्याच्या आईबापांपासून करायची होती. मग करंजाची झाडं लागली, करडईचं रान लागलं, एक खंड्या बराच वेळ त्याच्या पुढं पुढं उडत राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की आपण मघापासून घोकतच नाही आहोत. त्यानं पुन्हा आईबापांपासून सुरुवात केली, पण ते नीट जमेना.

पुढं भोगावती लागली. तिच्यात गुडघाभर पाणी होतं. त्यानं धोतर खोचलं, सायकल खांद्यावर घेतली आणि पलीकडं गेला. माणसानं सायकल वाहायची, हे त्याला धंद्याच्या दृष्टीनं बरोबर वाटलं नाही. पण पाणी गार होतं, म्हणून तो मधे थोडा उभा राहिला.

तिथून माळ चढत गेला आणि बालाघाटचे डोंगर दिसायला लागले. माळाच्या माथ्यावरून लांबलचक उतार खाली गेला होता. निम्म्या उतारावर मडिवाळप्पानं आजूबाजूला बघितलं, पायडलावरचे पाय काढले आणि दोन्हीकडं लांब केले. त्याच्या तोंडून एक आवाजही निघाला. तो कसला होता हे त्याला सांगता आलं नसतं. ऐकायला एक शेळी होती आणि ती पाला खात राहिली.

डोंगराच्या पायथ्याला दिवस कलताना त्याला मेंढरांचा तळ दिसला. बोरीच्या झाडाला त्याची सायकल टेकवलेली होती आणि तिच्या दांडीला एक कोकरू बांधलेलं होतं. शेजारी बिरप्पा बसला होता.

"आलाव? बसा की मालक," तो म्हणाला. "आये, पानी आन."

बिरप्पाची आई गोजाबाई तांब्या घेऊन आली. पाणी पिऊन झाल्यावर मडिवाळप्पाला आईबापांवरून सुरुवात करणं अवघड झालं.

"एका तासासाठी सायकल नेली होतीस," तो म्हणाला.

"व्हय."

"हा तास आहे का?"

"न्हाय," बिरप्पानं कबूल केलं. "म्होरल्या वळनावरनं मागं फिरायचं म्हनलं, तर त्येच्या म्होरं आनी वळान. असं करत करत आमची मेंढरंच दिसली की. मग आयनं जाऊ दिलं न्हाय." त्यानं कोकराला जवळ ओढलं. "मालक, त्या माळाच्या उतारावर तुमी पाय काढलं का न्हाय?"

मडिवाळप्पानं मेंढरांकडं बघितलं.

"काढले," तो म्हणाला.

त्यानंतर दोघांनी तासाचा विषय काढला नाही. गोजाबाईनं भाकरी, दूध आणि ठेचा दिला. मडिवाळप्पा पोट भरून जेवला आणि ठेचा पुन्हा मागून घेतला.

झोपायच्या आधी बिरप्पानं दोन्ही सायकली मेंढरांच्या काटेरी कुंपणाच्या आत नेल्या.

"आत कशाला?"

"हितं लांडगं हायती."

"लांडगा सायकल नेत नाही."

"आजून न्हेली न्हाय," बिरप्पा म्हणाला.

सकाळी चारही चाकं बसलेली होती. बाभळीच्या काट्यांनी आपलं काम चोख केलं होतं. मडिवाळप्पानं पिशवीतलं होतं नव्हतं तेवढं रबर आणि सोल्युशन संपवलं, तरी त्याच्याच सायकलीचं मागचं चाक राहिलं. गोजाबाई थोडा वेळ बघत उभी होती. मग तिनं लोकर आणली आणि उशी भरावी तशी टायरात ठासून भरली.

"बसून बगा," ती म्हणाली.

मडिवाळप्पानं तळाभोवती एक फेरी मारली. सायकल जड झाली होती, पण चालत होती. इतक्या वर्षांच्या धंद्यात आपल्याला हे सुचलं नाही, याचं त्याला जरा वाईट वाटलं. त्यानं तसं सांगितलं नाही. चाक थोडं डगमगतं, एवढंच तो म्हणाला.

निघाल्यावर थोड्याच अंतरावर वाट फुटली. एक आल्या वाटेनं भोगावतीकडं उतरत होती, दुसरी डोंगराच्या कडेनं वर गेली होती.

"ही वरली कुठं जाते?" मडिवाळप्पानं विचारलं.

"लांबनं जाती. तुळजापूरच्या सडकंला लागंल. सोलापूरला जायला सांज हुईल."

मडिवाळप्पानं लोकरीचं चाक दाबून बघितलं, नीट होतं. "मग सांज होऊ दे," तो म्हणाला आणि वरच्या वाटेला लागला.

दुकानात ते पोचले तेव्हा सुंदरम्मा शेवटची सायकल आत घेत होती. तिनं बिरप्पाकडं बघितलं, मग नवऱ्याच्या धुळीनं भरलेल्या मिशीकडं.

"सापडला म्हणायचा," ती म्हणाली. "कुठं?"

"लांब."

"आणि भाडं?"

मडिवाळप्पा आणि बिरप्पानं एकमेकांकडं बघितलं. भाड्याचं दोघांनाही दोन दिवसांत आठवलं नव्हतं.

"बघू सावकाश," मडिवाळप्पा म्हणाला.

गिरणीत बिरप्पाचा खाडा लागला आणि मुकादमानं त्याला चार शब्द ऐकवले. ते त्यानं मान खाली घालून ऐकून घेतले. पुढं गिरणीची सुट्टी असली, की बाळीवेशीजवळचं ते दुकान सुंदरम्मा चालवू लागली. नवरा कुठं गेला असं कुणी विचारलं, तर ती सामान आणायला गेलेत म्हणून सांगे. सामान कधी येत नसे. एखादं गिऱ्हाईक सायकल घेऊन सीनेच्या बाजूला जाऊ का म्हणून विचारी, तेव्हा मडिवाळप्पा मान हलवून म्हणे, "तिकडच्या वाटा फार खराब आहेत. तळ्याभोवती फिरा."