म्योंगांचा पहिला पेला

म्योंग आडनावाची माणसं कोरियात फार नाहीत, आणि जी आहेत त्यांना याचा भयंकर अभिमान आहे. आपण इतके थोडे का, याचा विचार त्यांनी कधी केला नाही. थोडे म्हणजे निवडक, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

या निवडकांतले सगळ्यांत निवडक म्हणजे बामगोलचे ग्यू-जिक काका. वय ऐंशीच्या पुढे, निवृत्त मुख्याध्यापक, चिनी अक्षरं वाचता येणारा गावातला शेवटचा माणूस. "किम हे काय आडनाव आहे?" असं ते चारचौघांत विचारायचे. "बाजारात 'अहो किम' म्हणून हाक मारा, निम्मा बाजार मागे वळतो. 'अहो म्योंग' म्हणा, मी एकटा वळेन." खरं तर तेही वळले नसते, कारण डावा कान केव्हाच गेला होता. पण हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

पिल-सुन सांगू शकली असती, पण ती स्वतःच किम. तिकडे लग्न झालं तरी बाईचं आडनाव बापाचंच राहतं. त्यामुळे जन्मभर म्योंगांच्या पूर्वजांसाठी रांधायचं आणि शेवटपर्यंत परकी ती परकीच, अशी उत्तम सोय झालेली असते. ती घराण्याच्या थोरल्या पातीची सून. थोरल्या पातीचा मान मोठा, म्हणजे ढीगभर भांडी आणि वर काकांचं भाषण.

तिचा नवरा इन-हो यंदा वसंतात गेला. हॉस्पिटलात शेवटी शेवटी त्याचा आवाज अगदी खोल गेला होता, पण एक गोष्ट त्याने तिला दोनदा सांगितली. "मला पहिला पेला आ-रानच्या हातचा हवा. दुसऱ्या कुणाचा नको." आ-रान त्यांची एकुलती एक मुलगी. पिल-सुनने मान हलवली खरी. पण थोरल्या पातीच्या गेलेल्या माणसांपुढे भाताच्या दारूचा पहिला पेला कोणी ओतायचा हे मेलेला माणूस ठरवत नाही. ते काका ठरवतात.

काकांनी ते ठरवलंही. छूसोकचा सण दोन आठवड्यांवर आला होता, दुसऱ्या दिवशी डोंगरावर पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला जायचं होतं. पिल-सुन स्वयंपाकघरात भोपळ्याचे काप तळत होती, तेव्हा काका उंबऱ्यात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, उद्या पूर्वजांसमोर सांगून टाकू. आमचा सोक-जे आता इन-होचा मुलगा. पहिला पेला तोच ओतेल."

सोक-जे काकांचा सख्खा नातू. सोलमध्ये कॉफीची मशीनं विकायचा. इन-हो जिवंत असताना त्याला मुलगा हवाय का, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. आता विचारायची सोयच उरली नव्हती.

"आणि आ-रान?" पिल-सुनने विचारलं.

"आ-रान आहेच की. रांधायला."

"तिला रांधता येत नाही, काका. ती बसची इंजिनं दुरुस्त करते."

"तेच ते," काका म्हणाले. देगूच्या बसडेपोत काम करणारी नात हा विषय ते चिमट्याने उचलल्यासारखा उचलत. "हे बघ, मी काही मागासलेला नाही. पण पूर्वजांना हात कळतो. आपल्या माणसाचा हात असेल तरच ते पेला तोंडाला लावतात. परक्याच्या हातचा पेला तसाच्या तसा राहतो. उद्या पोरगी लग्न करून कुठल्या तरी किमच्या घरी जायची, मग?"

"हो ना. किमांचा काय भरवसा," असं म्हणून पिल-सुनने काप उलटला. काकांना टोमणा कळला नाही. तो डाव्या बाजूने आला होता.

सगळे दर वर्षी ज्या रविवारी जायचे त्या रविवारी यंदा पावसाने झोडपलं होतं, म्हणून आठवडा पुढे ढकलला होता. सकाळी पुरुष मंडळी मुख्य पूर्वजांच्या थडग्याकडे वर गेली. काय थडगं ते! गोल, उंच, समोर नैवेद्य मांडायला दगडी चौथरा, पायथ्याशी सगळी दरी. काकांनीच तरुणपणी ते शोधून काढलेलं. लढाईनंतर डोंगरावर इतकं रान माजलं होतं की कोण कुठे निजलंय याचा पत्ता नव्हता. काकांनी जागा पारखणारा माणूस बरोबर नेला, दोघांनी सगळा डोंगर पालथा घातला, आणि त्यातल्या त्यात भारी थडगं निवडलं. म्योंगांचा पूर्वज याहून लहान थडग्यात निजेल, ही शक्यताच नव्हती.

शिवाय एक चमत्कार होता. म्योंग मंडळी मशीन घेऊन वर पोचायची तेव्हा दर वर्षी गवत आधीच कापलेलं असायचं. "इंचोनच्या भावकीतली पोरं येऊन गेली," काका अभिमानाने म्हणायचे. "सांगत नाहीत, मिरवत नाहीत. रक्त म्हणतात ते हे." इंचोनच्या पोरांना कोणी फोन करून विचारलं नाही, कारण त्यांच्याशी बोलणं बंद होतं. यंदा मात्र गवत कमरेएवढं होतं. काकांनी इंचोनचा उद्धार केला आणि सोक-जेला मशीन सुरू करायला सांगितलं. सोक-जेने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग मशीनकडे हात जोडायच्या बेतात आला.

"पेट्रोलची कळ उघड," खालून आ-रान म्हणाली.

बायकांची जागा खाली होती, चेस्टनटच्या झाडाशी. नैवेद्याच्या टोपल्या तिथवर आणायच्या, तिथून पुरुषांनी वर न्यायच्या, आणि वरची पूजा, काकांचं भाषण वगैरे आटोपेपर्यंत बायकांनी डास मारत बसायचं. तिथेच एक बसकं, बेवारशी थडगं होतं. पिल-सुन नवी नवरी असताना पहिल्यांदा तिथे बसली ती त्याच्या उशाशी असलेल्या मोठ्या पांढऱ्या दगडावर. पुढे आ-रान झाली. पाच-सहा वर्षांची असताना तिने विचारलं, "आई, हे कोण?"

"कोणी नाही त्याचं."

"मग त्याला खायला कोण देतं?"

पिल-सुन डास मारण्यात गुंतली. म्हणून पोरीने वरून परत आलेली उरलीसुरली भाताची दारू पेल्यात घेतली, त्या थडग्यासमोर ओतली, अर्धं नासपती ठेवलं आणि डोकं टेकलं. पुढे दर वर्षी तिचं हे चालू राहिलं. पोरीचा हट्ट म्हणून इन-हो वरून उतरला की शेवटी या थडग्याचंही गवत कापायचा. काका वरून ओरडायचे, "परक्यांची चाकरी कसली करतोस?" यंदा तो नव्हता, म्हणून माय-लेकींनी सकाळी आल्या आल्या आपणच कापून घेतलं होतं. कापताना आ-रान रडली, आणि घाम पुसल्यासारखं करून डोळे पुसले.

"सूनबाई, आज तूही वर ये," काकांनी हाक दिली. "दत्तकाची गोष्ट आहे, विधवेने हजर असायला हवं. पोरीलाही आण, मशीन पुन्हा बंद पडलंय."

अशा रीतीने म्योंगांच्या बायका पहिल्यांदा वर गेल्या. आ-रानने मशीन सुरू केलं, गवतही तिनेच कापलं. मग सोक-जेने घोड्याच्या केसांची काळी टोपी चढवली, चौथऱ्यावर चटई अंथरली, वर सुका मासा, भाताच्या वड्या, फळं मांडली, आणि काकांनी घसा साफ केला.

"या आपल्या पूर्वजांच्या उशाशी," काका म्हणाले, "एक पांढरा शुभ्र दगड होता. माणूस बसेल एवढा. त्यावर बसून त्यांच्या नातवाने तीन वर्षं शोक केला. पुढे पुरात तो दगड वाहून गेला."

ही कथा पुरुषांना पाठ होती. बायकांच्या कानावर ती कधी पडली नव्हती, कारण ऐकायच्या वेळी त्या खाली त्याच दगडावर बसलेल्या असत. पिल-सुनने आ-रानकडे पाहिलं. आ-रान आधीच तिच्याकडे बघत होती.

"काका," पिल-सुनने तोंड उघडलं, पण तेवढ्यात पायवाटेवरून मंडळी आली. हातात मशीन, कोयते, डोक्यावर टोपल्या. पुढे लाल टोपीवाला एक गडी.

"अरे वा, आधीच कापून झालं! यंदा पावसाने आम्हालाच उशीर झाला," तो म्हणाला. "बुसानची आपलीच मंडळी ना? दर वर्षी छूसोकला आलो की इथे फळांच्या साली सापडतात, तेव्हा आई म्हणते, बुसानवाले बिचारे येऊन गेले."

काकांचा चेहरा उजळला. "इंचोनचा ना रे तू? दर वर्षी गुपचूप गवत कापून जातोस. म्योंगांचं नाव राखलंस."

आधीच्या थडग्यांवर मशीन चालवून लाल टोपीवाल्याचेही कान बधिर झाले असावेत. दोघांनी एकमेकांचे हात धरले, कमरेत वाकून नमस्कार झाले, काकांनी त्याला केस रंगवण्यावरून घरच्यासारखं झापलं, त्याने ते घरच्यासारखं ऐकून घेतलं. सोक-जेने वडी पुढे केली. म्योंग घराण्यात इतकं प्रेम कित्येक वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"बरं, नाव काय तुझं?"

"किम चोल-मान."

"किम कसा? आईकडून?"

"बापाकडून. हे आमचे आजोबा," असं म्हणून त्याने थडग्याकडे बोट केलं. "पण तुम्ही कोण?"

मग प्रेम आटलं. काका म्हणाले, चालते व्हा. चोल-मान म्हणाला, आमच्या आजोबांच्या चौथऱ्यावरून तुमचा मासा उचला. एकाने दुसऱ्याची टोपी उडवली. शेवटी चोल-मान गुडघ्यावर बसला, चटई बाजूला सारली आणि चौथऱ्याच्या कडेची माती कोयत्याने खरवडू लागला. "बाबा म्हणायचे, कडेला नाव कोरलंय."

मातीखालून अक्षरं निघाली, चिनी. चोल-मानला ती येत नव्हती. सोक-जेला तर मोबाईलबाहेरचं काहीच येत नव्हतं. सगळे काकांकडे वळले.

काका वाकले. वाचलं. मग खिशातून चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि चष्मा परत पुसायला घेतला. पिल-सुनला त्यांच्या मनात काय चाललंय ते स्वच्छ दिसत होतं. वाचणारे ते एकटे. म्योंग म्हणून मोकळे होतील, आणि लगेच सोक-जेच्या हातात पेला. तिच्या कानांत इन-होचा तो खोल गेलेला आवाज आला. ती पुढे झाली.

"काका, पहिलं अक्षर मलाही येतं. शाळेत सगळ्यांत आधी तेच शिकवलं होतं मला. ते माझंच आहे."

काकांनी मान वर केली नाही. "किम," ते म्हणाले, अगदी हळू, पण डोंगरावर सगळ्यांना ऐकू गेलं.

म्हणजे बाजारात निम्म्यांचं असतं ते नाव. त्यापुढे म्योंगांच्या निवडक माणसांनी पिढीभर डोकं टेकलं होतं, आणि सुनेला टोमणे मारायला खाली उतरले होते.

चोल-मानची म्हातारी आई मागून धापा टाकत आली. तिला प्रकार सांगितला, तशी ती खाली चेस्टनटच्या झाडाकडे बोट दाखवत म्हणाली, "म्योंगांचे ते खाली आहेत ना, पांढऱ्या दगडापाशी. माझी सासू सांगायची, त्यांचे वारसदार मोठ्या तोऱ्याचे आहेत, पण फिरकत नाहीत. मला नेहमी वाईट वाटायचं. मग बघते तर दर वर्षी कोणीतरी गवत कापलेलं, नासपती ठेवलेलं. म्हटलं, चला, म्योंगांत एखादा तरी माणूस उरलाय."

सोक-जेने निमूटपणे किमांच्या चौथऱ्यावरचा मासा उचलला.

सगळी वरात खाली उतरली. पांढरा दगड जिथल्या तिथे होता. त्यावर पिल-सुनचा जेवणाचा डबा होता. काकांनी तो डबा स्वतःच्या हाताने उचलून खाली ठेवला आणि दगडावर हात ठेवला. मग घसा साफ केला, पण भाषण आलं नाही.

"ठीक आहे," शेवटी ते म्हणाले. "जागा चुकली. रीत चुकत नाही. सोक-जे, पुढे हो."

सोक-जेने टोपी काढली होती. "आजोबा, माझ्याने नाही होणार. मला यांचं काही माहीत नाही. मला तर मशीनही सुरू करता येत नाही."

"काका," पिल-सुन म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना, पूर्वजांना हात कळतो? तुमच्या हातचा एक थेंब यांना मिळालेला नाही. तुमच्या मुलांच्याही नाही. यांना ओळखीचा हात एकच आहे. आणि इन-होलाही तोच हवा होता. त्याने मला मरताना सांगितलंय. आज नाही म्हणालात तर यापुढे थोरल्या पातीचं रांधणंही तुमचा सोक-जेच करेल."

काका त्या बसक्या थडग्याकडे वळले. खरंच लहान होतं ते. कापलेल्या गवताचा वास अजून ओला होता. मग त्यांनी आ-रानकडे पाहिलं, हातांना ग्रीस आणि गवत लागलेली, डोळे सुजलेली. त्या सकाळी पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"इतकी वर्षं ओतत होतीस," त्यांनी विचारलं, "तर यांना हाक काय मारायचीस?"

"नाव माहीत नव्हतं," आ-रान म्हणाली. "आजोबा म्हणायचे."

काकांनी सोक-जेच्या हातातली काळी टोपी घेतली, थोडा विचार केला, आणि ती स्वतःच्या काखेत धरली. मग गुडघे दुखत असतानाही तिच्या मागे, दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

"ओत मग," ते म्हणाले. "फार थांबलेत ते."