मावळतीकडून चौथा खांब

घराचा खांब निघतो त्या दिवशी मी हजर असते. आधी सासरे असत, मग मालक असत, ते गेल्यापासून मी. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण तुळई बघून तिच्यावर किती माती बसली आहे ते सांगते. इंजिनियर लोकांना पटत नाही. मग माती मोजतात आणि माझाच आकडा लिहितात.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे, एका खेड्यात, रुद्रव्वाचं घर आहे. कागदावर तिचं नाव रुद्राणी. हे घर उभं करणारा सुतार म्हणजे माझ्या सासऱ्याचा आजा. सागवानी खांब सहा, एका ओळीत, पूर्वेच्या दारापासून मावळतीच्या भिंतीपर्यंत. त्यांच्या डोक्यावर लांब तुळई, तुळईवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यांवर दीड हात मातीचं माळवद. भार खांबांवर, भिंती नुसत्या आडोशाला. भूकंपात मागची भिंत बाहेर पडली, माळवद जागचं हललं नाही. रुद्रव्वानं त्याचं सगळं श्रेय महादेवाला दिलं. सुताराचं नाव काढलं नाही.

आता वाळवीनं दारापासूनचा तिसरा खांब पायातून खाल्ला होता. तो बदलायला माझा लेक नासिर आला होता, सोबत पुतण्या वकार. नासिर आठ वर्षं हैदराबादेत स्लॅबच्या सेंट्रिंगवर होता, मागच्या साली परत आला. हात चांगला, बोलणं कमी.

आदल्या दिवशी जेवताना मी त्याला सांगितलं होतं, "तुळईचा जोड चौथ्या खांबावर हाय. तिथं जपून." एवढं लांब लाकूड अखंड मिळत नाही. दोन तुकडे एका खांबाच्या डोक्यावर भेटतात. तो खांब काढायचा तर दोन्ही अंगांनी टेकू लागतो. बाकीच्यांना एक टेकू पुरतो.

मी पोचले तेव्हा रुद्रव्वा माळवदावर तुरीची डाळ पसरत होती. छतात उजेडासाठी भोक ठेवलेलं असतं, त्यातून मी हाक मारली.

"अव्वा, खाली ये. खांब काढून राहिलेत."

"भूकंपात पडलं न्हाई. तुझ्या लेकाच्या हातानं पडतंय व्हय?"

"डाळ काय पळून जात न्हाई."

"सुतारांच्या घोळक्यात डाळ सोडून येऊ?"

मी म्हटलं, बस मग. ऐंशीची बाई, वजनाला कोंबडीएवढी.

आत गेले. नासिरनं जॅकवर टेकू चढवला होता, दाराच्या अंगाला, एकच. खांबाचा कुजलेला पाय चार बोटं कापून बाजूला टाकला होता. खांब खालच्या दगडावरून सुटून नासिरच्या मिठीत आला होता.

"एकच टेकू?" मी विचारलं.

"तिसरा हाय ना, अम्मी. जोड चौथ्यावर. चौथ्याला मी हात लावलाच न्हाई."

मी मावळतीच्या भिंतीकडे बघितलं. आमच्या घरात खांब मोजतात ते मावळतीकडून. पहिला खांब उभा राहतो तो मावळतीला, बिस्मिल्ला म्हणून, तिथून एक. सासरे तसे मोजत, मालक तसे मोजत, आणि मी नासिरला फक्त चौथा म्हणाले. दारातून मोजायचं कुणाच्या डोक्यात येईल, असं मला वाटलंच नाही. हैदराबादेत दारातून मोजतात.

मावळतीकडून चौथा म्हणजे दारापासून तिसरा.

वर बघितलं. रंगाच्या पापुद्र्याखाली तुळईवर पटाशीचे चार घाव दिसत होते, सासऱ्याच्या आज्यानं घातलेली चौथ्याची खूण. त्यांच्या मधोमध जोड करंगळीएवढा उघडला होता. तिथून मातीची बारीक धार नासिरच्या खांद्यावर पडत होती.

"नासिर, खांब सोडू नको. हलू नको."

"काय झालं?"

"जोड तुझ्या डोक्यावर हाय."

त्यानं खांबाची मिठी आणखी आवळली. दुसरा टेकू बाहेर टेम्पोत होता. वकार धावला.

वर पावलं वाजली. आतापर्यंत हलायला तयार नसलेली रुद्रव्वा डाळ पसरून आता निघाली होती. तिचा जिना मावळतीला, म्हणजे ती चालणार नेमकी त्या तुकड्यावरून, ज्याला खाली आधार नव्हता. एका पावलाला मातीची धार जाड झाली.

"अव्वा, जागेवर थांब."

"मघा ये म्हणालीस, आता थांब. मी काय तुझी सून हाय?" दुसरं पाऊल वाजलं. कडी करकरली.

"पाया पडते, थांब."

"का ते सांग."

पन्नास वर्षांत मी या बाईपुढे एकदाही चूक कबूल केली नव्हती. नासिरच्या मानेवरून मातीत घाम मिसळून उतरत होता.

"चूक झाली," मी म्हटलं. "माझी. लेकाची न्हाई. मी खांब नीट सांगितला न्हाई. तू चाललीस तर माळवद त्याच्यावर येईल."

वरची पावलं थांबली. मग ती हळूच म्हणाली, "बसू का उभी राहू?"

"हायस तशी."

स्वयंपाकघराच्या दारात तिचा वाटणाचा पाटा होता. मी तो ओढला. फरशीवर नखं तुटली. नासिरनं खांब छातीनं उचलला, मी पाटा खाली सरकवला, बोटं काढली, आणि हातोड्यानं पाचरी ठोकायला लागले. पहिली. दुसरी. तिसऱ्या पाचरीला धार बारीक झाली. वकार टेकू घेऊन आला, मावळतीच्या अंगाला बसवला, जॅकचा दांडा फिरवत राहिला. करंगळीएवढा उघडलेला जोड मिटत मिटत रेघेएवढा झाला. मग माती थांबली.

नासिरनं हात सोडले आणि भिंतीला टेकून खाली बसला. मी त्याच्या केसांतली माती झाडली. तो म्हणाला, "अम्मी, मी विचारायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "मी सांगायला पाहिजे होतं. पाणी पी."

मग मी वर हाक दिली. रुद्रव्वा डाळीचं सूप कमरेवर घेऊन एकेक पायरी उतरली. खांबाखालचा पाटा बघितला.

"चटणी कशावर वाटू?"

"माझा पाटा पाठवते. हा दोन दिवस अडकला."

ती उंबऱ्यावर बसली, नासिरला जवळ बोलावून गुळाचा खडा दिला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मघाचं पुन्हा सांग. वरून मला नीट ऐकू आलं न्हाई."

तिला ऐकू आलं होतं. तिचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत.

मी पदर खोचला, लेकाच्या आणि वकारच्या समोर उभी राहिले, आणि पुन्हा सांगितलं.