तीनशे बुशांवर मारलेलं नाव

मित्रांनो, मला बघायचं तर तुम्हाला जरा वाकावं लागेल. चाकणजवळ खराबवाडीत विजयश्रीताईंचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या बाकाखालच्या डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला मी असतो. मी एक जुना पोलादी ठसा आहे, करंगळीएवढा लांब. माझ्या तोंडावर 'मेड इन इंडिया' ही इंग्रजी अक्षरं उलटी कोरली आहेत. मला वस्तूवर टेकवायचं, डोक्यावर हातोडी हाणायची, की अक्षरं सुलटी उमटतात. हजारो वेळा मार खाऊन माझं टाळकं चपटं झालंय, पण अक्कल अजून शाबूत आहे.

माझा जन्म भोसरीचा. एका कारागिराने डोळ्याला भिंग लावून दोन दिवस मला कोरलं, मग भट्टीत लालबुंद करून तेलात बुडवलं. आमच्यात ह्याला पाणी देणं म्हणतात. पाणी नीट दिलं नाही तर ठसा पहिल्याच महिन्यात बोथट होतो. माझं नीट दिलं होतं. ताईंच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, मला हौसेने विकत आणलं, पण बरीच वर्षं मी नुसता पडून होतो. माल इथल्याच कंपन्यांना जायचा. इथल्या माणसाला 'हे इथलं आहे' असं कशाला सांगायचं?

माझे दिवस पालटले ते एका करारामुळे. तो तुम्हाला थोडक्यात सांगतो, कंटाळू नका. परदेशातून आलेल्या मालावर प्रत्येक देश आयात शुल्क घेतो. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवलंय की हे शुल्क सगळ्या सभासदांना सारखंच लावायचं, आपपरभाव करायचा नाही. पण त्याच नियमांत एक वाट मोकळी ठेवली आहे. दोन-चार देशांनी आपसात करार केला, तर ते एकमेकांच्या मालावर शुल्क कमी करू शकतात किंवा माफही करू शकतात. अशा शेकडो करारांचं जाळं आज जगभर पसरलंय. कुणी म्हणतं, ह्याने व्यापार वाढतो. कुणी म्हणतं, बाहेर राहिलेल्यांचं नुकसान होतं. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे, कारण दोन्ही मी एकाच गल्लीत पाहिलं.

आपल्या देशाशी करार झालेल्या एका देशातून ताईंना ट्रॅक्टरच्या बुशांची ऑर्डर आली. बुश म्हणजे सांध्यात बसणारी जाड पोलादी नळी. आपल्या बुशांना तिकडे शुल्क माफ, त्यामुळे ते स्वस्त पडायचे. त्या ऑर्डरवर वर्कशॉपमधल्या नऊ जणांच्या चुली पेटू लागल्या. तिकडच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक नगावर देशाचं नाव हवं होतं, म्हणून माझंही नशीब उघडलं.

शेजारच्या शेडमध्ये मात्र उलटं झालं. ती शेड भिवाकाकांची. इथल्याच शेतकरी घरातले, लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, उत्तम टर्नर. तेही बुश करायचे. पण दुसऱ्या एका देशाशी झालेल्या दुसऱ्या करारामुळे तिकडचे तयार बुश इथे इतके स्वस्त येऊ लागले की काकांना आपले विकणं परवडेना. शेवटी त्यांनी लेथवर ताडपत्री टाकली आणि तोच बाहेरचा माल आणून विकायला लागले. ह्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, फक्त ताडपत्री नीट करत राहिले.

आता आमच्या गल्लीतली एक रीत सांगतो. कुणाचा माल कमी पडला, की शेजारचा आपले नग उसने देतो. दारात क्रेट ठेवतो आणि जातो. नग कुठले, कसे, हे घेणाऱ्याने विचारायचं नाही. विचारलं तर शेजाऱ्यावर संशय घेतल्यासारखं होतं. ताईंनी आणि काकांनी वर्षानुवर्षं असंच एकमेकांचं निभावलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तीन हजार बुश पाठवायचे होते आणि ऐन वेळी ताईंचं मशीन बंद पडलं. सत्तावीसशे तयार, गाडी दुपारी येणार. भिवाकाकांनी न मागता तीनशे नग आणून ठेवले.

"विजू, हाय त्यात भर घाल. परत कधी द्यायचं ते दे," एवढं बोलून ते गेले.

ठसा मारायचं काम ज्योतीरामभाऊंचं. बीडकडचा माणूस, वीस वर्षं इथे. त्यांनी मला पहिल्या उसन्या बुशावर टेकवलं, हातोडी मारली, आणि मी थोडा उसळलो. पोलाद वेगळं होतं. दोन हजार सातशे वेळा एकच पोलाद चावल्यावर फरक कळतो हो. ज्योतीरामभाऊंनाही कळला. त्यांनी बुश उजेडात फिरवून पाहिला, एकदा काकांच्या शेडकडे पाहिलं आणि गप्प बसले. मग मला तीनशे वेळा हाणलं. मी तीनशे वेळा खोटं बोललो. मला तोंड होतं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

दोन महिन्यांनी चिंचवडहून निरंजन आला. ताईंची निर्यातीची कागदपत्रं तो करतो. त्याचा चेहरा उतरला होता.

"ताई, तिकडच्या कस्टमने माल अडवलाय. आपण माल इथेच बनल्याचा, मूळ देशाचा दाखला जोडला होता ना, त्याचा पुरावा मागतायत. कच्चं पोलाद कधी घेतलं, कुठे कापलं, सगळं. आणि आपल्या नोंदींत कापलेलं पोलाद सत्तावीसशे नगांचंच दिसतंय."

"मग बाकीचे तीनशे भिवाकाकांचे," ताई म्हणाल्या. "इथलेच की."

ज्योतीरामभाऊ हातातलं काम ठेवून पुढे आले. "न्हाई ताई. त्ये बाहेरचं होतं. मला तव्हाच कळलं होतं. बोलायला पायजे होतं, बोललो न्हाई."

निरंजनने कपाळाला हात लावला. बाहेरच्या तयार वस्तूवर इथे नुसता ठसा मारला, तर करार त्याला इथे बनवणं मानत नाही. सूट दोन देशांनी एकमेकांना दिलेली असते. तिसऱ्याचा माल तिच्या आडून घुसवला तर तो मोठा गुन्हा.

भिवाकाकांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि खाली बघत म्हणाले, "मी लिहून देतो, माझ्या लेथवर केलं म्हनून. कोन बघतंय? तुझी नऊ मानसं हायेत, विजू."

ताईंनी पहिल्यांदाच दारातून काकांच्या शेडमध्ये नीट पाहिलं. मला भीती वाटत होती, खोटं का सांगू. कबूल केलं तर ऑर्डर जाईल, नाही केलं तर मी पुढे प्रत्येक बुशावर खोटाच. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या लेथवर ताडपत्री आहे. बघायला आले तर? एकदा पकडलो की माझी सूट कायमची बंद. आणि ह्या पट्ट्यातून जाणाऱ्या प्रत्येक मालाकडे ते त्याच नजरेने बघतील. चूक माझी. मी विचारलं नाही."

त्यांनी जे घडलं ते लिहून पाठवलं. सत्तावीसशे नगांना सूट मिळाली, तीनशेंची नाकारली. वर्षभर प्रत्येक माल तपासला जाणार, आणि पुढची ऑर्डर अर्धी. कुणाला काढलं नाही, पण सगळ्यांचा ओव्हरटाइम गेला.

पूर्ण शुल्क भरून घ्यायला गिऱ्हाईक तयार नव्हतं, म्हणून ते तीनशे बुश परत आले. त्यांच्यावरचं नाव पुसायला ज्योतीरामभाऊ ग्राइंडरवर बसले. थोड्या वेळाने भिवाकाका आले, त्यांना उठवलं आणि स्वतः बसले. एकेक बुश धरून त्यांनी माझी अक्षरं घासून काढली. ठिणग्या उडत होत्या आणि मी डब्यात पडून ऐकत होतो. मला फार लाज वाटली. इतकी वर्षं मी समजत होतो की नाव मी देतो. नाव देणारा मी कोण? ते आधी हातांनी कमवावं लागतं, मी फक्त उमटवतो. तुमच्या हाती कधी एखादा शिक्का आला, तर त्याला तेल लावा, फडक्यात ठेवा, पण त्याहून आधी तो कशावर मारताय ते बघा. आम्हाला ती निवड नसते, तुम्हाला असते.

शेवटचा बुश झाल्यावर काका उठले. "विजू, पोलाद तू दे. तुझ्या पुढच्या मालातलं तीनशे मी करतो. तुझं देनं लागतो मी."

त्या आठवड्यात शेजारच्या शेडमधून लेथचा आवाज आला. काकांनी क्रेट आणून बाकावर ठेवला, पण ह्या वेळी ते निघून गेले नाहीत. ज्योतीरामभाऊंनी मला पहिल्या बुशावर टेकवलं, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"भिवाभाऊ, ईचारू का?" ते म्हणाले. "कुठलं हाय ह्ये?"

आमच्या गल्लीत हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता. मला वाटलं, काका आता क्रेट उचलून चालू लागतील.

भिवाकाकांनी तेलाने काळे झालेले दोन्ही हात पुढे केले. "हितलं हाय," ते म्हणाले. "हान आता."