पान चौतीस

तीन चाचणी-खेळांना मिळून एकशे ऐंशी माणसे बसली होती, आणि अप्पांच्या त्या वाक्याला त्यांतले एकही माणूस हसले नाही.

चित्रपटाच्या संकलिकेने आवाजाची पट्टी पुन्हा मागे ओढली. प्रेक्षागृहाच्या छताला टांगलेल्या मायक्रोफोनने सगळे काही इमानाने टिपले होते: खोकला, खुर्च्यांची करकर, कुणाच्या तरी पिशवीची चुरचुर. मग पडद्यावरून अप्पांचा आवाज, "मग, माझं मत काय ठरलं?" आणि त्यापुढे सरळ, सपाट रेघ.

वीस वर्षांपूर्वी या एका वाक्यावर अख्खी मालिका चालली होती. दर भागात घरातली सगळी मंडळी एखाद्या प्रश्नावर तावातावाने भांडत, निर्णय घेऊन मोकळी होत, आणि सोफ्यावर बसलेले अप्पा शेवटी एवढेच विचारत. असे एकशे बारा भाग. ते काम करणाऱ्या नटाला पुढे बँकेतसुद्धा लोक अप्पाच म्हणू लागले. आता त्याच कुटुंबाला मोठ्या पडद्यावर आणले होते. नट तेच, दिवाणखाना जुन्या मोजमापांवरून जसाच्या तसा उभारलेला, वाक्य तर शब्दशः तेच.

चित्रपटाचे दिग्दर्शक हे मालिकेच्या दिग्दर्शकांचे चिरंजीव. वडिलांना सगळे थोरले म्हणत, म्हणून हे सत्तेचाळिसाव्या वर्षीही धाकटे. पहिल्या चाचणीनंतर त्यांनी वाक्यापाठोपाठ ट्रम्पेट वाजवले. दुसरीनंतर ट्रम्पेट काढून तेच वाक्य नातवाच्या तोंडी रॅपमध्ये घातले. तिसरीनंतर ते संकलनाच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचे त्यांनी टाळले. बहुधा वाद नको होता.

"ताई, अप्पा संपले," ते म्हणाले. "चेहऱ्यावर काही उमटतच नाही. पोस्टरवर आहेत म्हणून दोन सीन ठेवा, बाकीचे कापा. शुक्रवारपर्यंत."

"एकोणीस आहेत."

"म्हणून तर सांगतोय."

"आणि कारण?"

"कारण काय असणार त्यात? वय."

संकलिकेने या धंद्यात पडण्याआधी भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. वय हे कारण नसून नुसता आकडा आहे, असे तिचे मत होते. पण तिचे मत काय ठरले आहे, हे तिला आत्ताच कळले होते. दार लागले. तिने पेन्सिल हातात घेतली आणि ती मोडेल इतकी दाबून कागदाच्या माथ्यावर त्या दिवसाचा वार लिहिला: सोमवार.

जुन्या आठवणींमुळे लोक हसत असतील, ही शक्यता तिने आधीच निकालात काढली होती. तिसऱ्या चाचणीत तिने मालिकेतला एक तुकडा मुद्दाम दाखवला होता, आणि मालिका संपल्यावर जन्मलेली मुलेही त्याला खिदळली होती. म्हणजे वाक्य जिवंत होते. मग तिने मालिकेच्या सगळ्या भागांचे शेवट एकामागून एक लावले आणि भांडण थांबल्यापासून अप्पा तोंड उघडेपर्यंतचा वेळ मोजला. मालिकेत सुमारे दोन सेकंद. चित्रपटात अर्धासुद्धा नाही. तिला हायसे वाटले आणि तिने चित्रपटातही दोन सेकंद घातले. अप्पा दोन सेकंद चेहरा घेऊन बसून राहिले, एवढेच झाले. शेजारच्या खोलीत चित्रपटाचे रंग जुळवणाऱ्या रंगतज्ज्ञाला तिने बोलावून दाखवले, तेव्हा त्याने चित्र अडकले का, म्हणून विचारले.

मंगळवारी तिला दोन गोष्टी दिसल्या. मालिकेत त्या दोन सेकंदांत अप्पांची नजर उजवीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे जाई. कथेत तिकडे कुणीही नसे. आणि एकशे बारांपैकी चार भाग असे होते की त्यांत अप्पा थांबतच नव्हते. ते चारही भाग सलग होते. तिने त्यांच्या अखेरीच्या नामावळ्या इतर भागांच्या नामावळ्यांशेजारी लावल्या. एकशे आठ नामावळ्यांत प्रॉम्प्टर म्हणून एकाच बाईचे नाव होते. या चारांत दुसऱ्या कुणाचे तरी.

बुधवारी ती अप्पांच्या घरी गेली. त्यांच्या कानावर कापाकापीची बातमी आलेली दिसत होती, कारण त्यांनी तिची सगळी विचारपूस केली आणि चित्रपटाचे नाव काढले नाही. टेबलावर त्यांची संहिता नीट बांधून ठेवली होती, वर गाठ मारून, परत करायच्या वस्तूसारखी.

"अप्पा, मालिकेत तुम्ही वाक्य विसरायचात का?"

"मी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकदा वाचलं की पाठ. अजूनही. विसरायचे ते बाकीचे."

"मग थांबायचात कशासाठी?"

"मावशींचं पान सापडेस्तोवर."

मग त्यांनी सांगितले ते असे. संवाद त्या काळी सकाळी लिहून यायचे आणि दुपारी चित्रीकरण व्हायचे. त्यामुळे नटांना वाक्ये पुरवायला प्रॉम्प्टर लागायचीच. सगळे त्यांना वहीमावशी म्हणायचे, कारण हातातली वही त्या जेवतानाही सोडत नसत. त्या स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसायच्या. भांडण रंगले की वही विसरून तेच बघत राहायच्या. मग एकदम भानावर येऊन पाने उलटायला लागायच्या. डोळे अधू, आणि चष्म्याचे नाव काढलेले खपायचे नाही. एकाऐवजी दोन पाने उलटायच्या. अशा वेळी अप्पांनी आपले वाक्य टाकले असते तर त्याला उत्तर देणारा नट अडकला असता, आणि थोरल्यांनी सगळ्यांदेखत मावशींना फैलावर घेतले असते. म्हणून अप्पा थांबायचे.

"राग नाही यायचा?"

"राग नाही गं. वैताग. सगळं पाठ करून तोंडाशी आणून बसायचं, आणि ही बाई आपली चाळतेय." त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चांगली बाई. काय बोलणार."

संकलिकेला एकदम आठवले. चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी अप्पांच्या कानात दाण्याएवढे यंत्र बसवले होते. शेजारच्या खोलीतून एक सहायक त्यात त्यांचे प्रत्येक वाक्य अगदी क्षणावर वाचून दाखवी.

"पाठ होतं, तर ते यंत्र घातलंत कशाला?"

"दिलं त्यांनी," अप्पा म्हणाले. "माझं मत ठरलेलं होतं."

गुरुवारी किरकोळ राहिलेल्या तुकड्यांचे चित्रीकरण होते. दिवाणखाना अजून उभा होता. संकलिकेने अर्धा तास मागितला. धाकट्यांनी तो असा दिला, जणू स्वतःच्या आयुष्यातून कापून दिला. तिने बोलावल्यावरून वहीमावशी रिक्षाने आल्या, वहीसारखी बांधलेली संहितेची प्रत छातीशी धरून. पंचाहत्तरी उलटली होती, चाल तुरुतुरु होती. अप्पांना पाहून त्या म्हणाल्या, "जाड झालात." अप्पा म्हणाले, "तुम्ही उशिरा आलात." एवढ्यावर वीस वर्षांचे बोलणे संपले आणि त्या दारातल्या स्टुलावर जाऊन बसल्या.

प्रसंग सोपाच होता. अप्पा ज्या सोफ्यावर बसले आहेत तो विकायचा, असे घर त्यांच्या डोक्यावरून ठरवते. अप्पांचा कान मोकळा होता. भांडण झाले, थांबले. अप्पांनी दाराकडे पाहिले. मावशी बरोबर पानावर होत्या, बोट बरोबर ओळीवर, आणि त्यांनी ओठ हलवून वाक्य पुढे केले. अप्पांना थांबायला काही कारणच उरले नाही. ते वाक्य बोलले. ते वाक्य मेलेले होते.

धाकट्यांनी घड्याळाकडे पाहिले.

"मोतीबिंदू काढले गेल्या वर्षी," मावशी संकलिकेला कौतुकाने सांगत होत्या. "आता एक ओळ चुकत नाही बघ."

संकलिकेने डोळे मिटून घेतले. अप्पा सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसले होते. मेकअपवाल्याने पुढे केलेला आरसा त्यांनी नको म्हणून हलवला.

"मावशी, वही बघू जरा," ती म्हणाली. "एक शब्द तपासायचा आहे."

दोन मिनिटांनी तिने वही परत केली आणि आणखी एक टेक मागितला. शेवटचा, असे धाकट्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

भांडण झाले, थांबले. अप्पांनी दाराकडे पाहिले. मावशींनी पान उलटले, बोट फिरवले, पुन्हा मागचे पान काढले. जीभ ओठांत धरून त्यांनी एक पान उजेडाकडे धरले. अप्पांच्या भुवया हळूच वर गेल्या. मान एक बोटभर कलली. त्यांनी छताकडे पाहून श्वास घेतला, पुन्हा दाराकडे पाहिले. मावशी आता शेवटच्या पानापासून मागे मागे येत होत्या. अप्पांनी डोळे मिटले. चाळीस वर्षांचा संसार असावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"मग," ते म्हणाले, "माझं मत काय ठरलं?"

दिवे, पडदे आणि तारा यांच्यामागून एक फुस्स आवाज आला आणि टेक वाया गेला.

"कोण हसलं?" धाकट्यांनी विचारले.

ध्वनिमुद्रकाने कानांवरचे हेडफोन काढले. "साहेब, तुम्हीच."

धाकटे खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी शुक्रवारच्या कापाकापीचे विचारायचे सोडून, दिवाणखाना पाडणाऱ्यांना सोमवारपर्यंत थांबवता येईल का, ते विचारायला एकाला पाठवले. स्टुलाजवळ मावशी अप्पांवरच करवादत होत्या, छापतानाच पान गाळले असणार, हल्ली कुणाचे लक्ष म्हणून नसते. अप्पा ऐकून घेत होते.

"काय बदललं दोन टेकमध्ये?" धाकट्यांनी संकलिकेला खालच्या आवाजात विचारले. "मला लेखी पाहिजे. अजून अठरा सीन आहेत."

तिने दिवसाच्या अहवालाचा कागद ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले:

टेक दोन, हसणे वगळून, योग्य. अप्पांच्या कानात यंत्र नको. प्रॉम्प्टर दारातच बसवावी. प्रॉम्प्टरच्या वहीत पान चौतीस नाही. ते माझ्या पर्समध्ये आहे.