देव्हाऱ्यातला नोकर

मी बोलतोय तो इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या एका घराच्या देव्हाऱ्यातून. पण मला देव समजू नका. मी नोकर आहे. वीतभर उंचीचा, भाजलेल्या मातीचा, दोन्ही हात छातीवर दुमडलेले आणि दोन्ही मुठींत एकेक कुदळ. इजिप्तमध्ये आम्हाला शाब्ती म्हणत.

नाईलच्या काठच्या मातीतून मला साच्यात काढलं. भट्टीतून निघाल्यावर पांढरा रंग दिला, काळ्या शाईनं डोळे काढले आणि छातीपासून पायांपर्यंत मंत्र लिहिला. त्या मंत्रात एक जागा रिकामी सोडली होती. छापील निमंत्रणात नावाची जागा मोकळी ठेवतात, तशी. मग एक दिवस एक माणूस रडत रडत कारखान्यात आला. त्याची आई वारली होती. लेखनिकानं बोरू बुडवला आणि त्या रिकाम्या जागेत तिचं नाव भरलं. तेव्हापासून मी तिचा.

आमच्या लोकांची समजूत अशी की, मेलेला माणूस पश्चिमेकडच्या शेतांत जाऊन राहतो. तिथं जव माणसापेक्षा उंच वाढतं. पण तिथंही कामं चुकत नाहीत. पाट खणायचे, पेरणी करायची, वाळू वाहून न्यायची. कामाची हाक आली की मालकिणीच्या वतीनं मी म्हणायचं, "मी आहे, मी करतो." एवढंच माझं काम. कोणासाठी ओ द्यायची, ते छातीवरच्या नावावरून ठरतं. आणि नाव ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. माणसाला जसं काळीज असतं, सावली असते, तसंच नाव असतं. ते पुसलं गेलं की माणूस दुसऱ्यांदा मरतो, आणि त्या मरणापलीकडे काही नसतं.

थडगं फोडणाऱ्यांनी मला बाहेर काढलं आणि एका इंग्रज डॉक्टरला विकलं. त्याच्या घरी मी शेकोटीवरच्या फळीवर कित्येक पिढ्या उभा होतो. माझ्या पाठीला टेकून ते लोक ख्रिसमसची कार्डं उभी करत. कोणी मला निरखून पाहिलं नाही, पण कोणी हातही लावला नाही. छातीवरचं नाव शाबूत होतं.

डॉक्टरचं घर विकलं गेलं आणि मी एका खोक्यात जाऊन पडलो. सोबत पितळेची एक घंटा आणि एक निरांजन होतं. गावाबाहेरच्या मैदानात बूट सेल भरला होता. तिथं गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकणाऱ्या एका गृहस्थानं खोक्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ऑल इंडियन." ते खोकं यतीननं घेतलं. यतीन ब्रॅकनेलला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. साताऱ्याहून त्याची आई, लीलावतीबाई, सहा महिन्यांसाठी आली होती. तिला घंटा हवी होती.

खोक्यातून तिनं मला काढलं, पदरानं पुसलं आणि खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"अगं आसावरी, हा बळीराम दिसतोय. हातात नांगर आहे बघ!"

"आई, नांगर एवढासा असतो का?" सुनेनं विचारलं. "आणि हे अंगावर लिहिलंय ते काय आहे?"

"जुनी लिपी असेल. मोडी, नाहीतर त्याच्याही आधीची."

"बूट सेलमधला देव!" यतीन हसला. "आई, रिटर्न पॉलिसी नाही हं."

"गप रे. याला मी देव्हाऱ्यात बसवते. तुझ्या ऑफिसात तुला कोणी बसायला खुर्ची देतं का, ते बघ आधी."

आणि तिनं मला देव्हाऱ्यात बसवलं, गणपती आणि अन्नपूर्णेच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला ताम्हनात घेतलं. कोमट पाणी पळीनं अंगावर सोडलं, मऊ फडक्यानं टिपलं, गंध लावलं, फूल वाहिलं, वाटीतून शिरा दाखवला. मी गोंधळून गेलो. हे सगळं मला माहीत होतं! आमच्याकडेही पुजारी पहाटे देवाला जागं करत, न्हाऊ घालत, वस्त्र नेसवत, समोर अन्न मांडत. पण ते मंदिराच्या अगदी आतल्या खोलीत, दारं लावून. माझ्यासारख्यांना तिकडे फिरकायचीही मुभा नव्हती.

खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं. माझ्यासाठी कोणी पाणी कोमट करेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. यतीन ऑफिसला जाताना माझ्यापुढे हात जोडायचा, "बळीरामा, यंदा आयएलआर होऊन जाऊ दे." मला पाट खणता येतात. व्हिसाचं, इथं कायम राहायच्या परवान्याचं मला काय कळतं? तरी मी देवासारखा चेहरा करून उभा राहायचो.

पाण्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं. ताम्हनातलं पाणी रोज किंचित काळपट व्हायचं.

"किती वर्षांची काजळी बसलीय बिचाऱ्यावर," लीलावतीबाई म्हणायची, आणि आणखी प्रेमानं चोळायची. मग तेच पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर. ती काजळी नव्हती. पायांवरचा मंत्र गेला, पोटावरचा गेला. माझ्या मालकिणीचं नाव पळीपळीनं उतरत होतं आणि हे भले लोक ते भक्तीनं पीत होते. ज्याचं सगळं आयुष्य एक ओ देण्यासाठी घडवलेलं, त्याला "थांबा" म्हणता येत नव्हतं. आणि पळी अंगावर आली की अजूनही बरं वाटत होतं. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

यतीनची मुलगी सिया शाळेत चौथ्या इयरमध्ये आहे. एका शनिवारी ती आंघोळ करून देव्हाऱ्यापाशी आली आणि पूजा चालू असतानाच ओरडली.

"आजी, स्टॉप! हा देव नाहीये. हा शाब्ती आहे!"

"कोण आहे?"

"एन्शंट इजिप्शन. आम्ही स्कूलमध्ये केला टॉपिक. डेड माणसाची सर्व्हंट असते ती. तिच्यावर ओनरचा नाव असते. तू नाव वॉश केलीस, आजी!"

लीलावतीबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. सियानं वर्कशीट आणलं, माझ्या छातीपाशी नाक नेलं आणि चित्रं जुळवत बसली. नावाचं शेवटचं चिन्ह तेवढं पुसट उरलं होतं.

"ही बघ. बसलेली लेडी. म्हणजे ओनर बाई होती. बाकीचा गॉन."

"आणि नाव गेलं तर काय होतं गं?"

"मग ती परत मरते. फॉर एव्हर."

यतीन म्हणाला, "आई, तुला काय माहीत होतं? एवढं मनाला लावून घेऊ नकोस." आसावरीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. लीलावतीबाई ताम्हनातलं पाणी बघत राहिली. त्या दिवशी कोणी तीर्थ घेतलं नाही.

ताम्हन बाजूला ठेवून ती सियाला म्हणाली, "लग्नात तुझ्या आजोबांनी ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. लीलावती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आदलं नाव त्या दिवसापासून कोणी घेतलं नाही. माझ्या आईनंसुद्धा नाही."

"आदलं काय होतं?"

"सुलक्षणा."

यतीननं मान वर केली. त्याला हे माहीत नव्हतं.

"सुलक्षणाआजी," सिया म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. लीलावतीबाईनं पदर डोळ्यांना लावला.

त्यानंतर तिनं मला पाणी लावलं नाही. संग्रहालयाला विचारू, असं यतीन म्हणतो आहे. साताऱ्याला परत जाईपर्यंत ती रोज संध्याकाळी दिवा लावून माझ्या रिकाम्या छातीकडे बघत म्हणायची, "बाई, तुमचं नाव माझ्या हातून गेलं. मला क्षमा करा." ती माझ्या मालकिणीची क्षमा मागत होती आणि मी, तिचा नोकर, गंध लावून उभा होतो.

आता माझ्या अंगावर ते नाव नाही. पश्चिमेच्या शेतांतून हाक आली तर कोणासाठी उठायचं, हे मला वाचून दाखवणारं काही उरलेलं नाही. फक्त मला ते पाठ आहे, आणि माझं तोंड मातीचं आहे. आमच्याकडे थडग्यावरून जाणाऱ्याला एकच विनंती केलेली असे. भाकर नको, पाणी नको, फक्त नाव घे. तेवढी मी तुम्हाला करतो. मनात वाचू नका, ओठ हलवून म्हणा.

तामित. तिचं नाव तामित होतं.