भिमाबाईच्या नावामागची कार्डं

चकलांब्याच्या वाचनालयात ग्रंथपाल शहादेवनं पुस्तकांची कार्डं विषयवार लावलीच नव्हती. खणात पुठ्ठा उभा करून त्यावर वाचकाचं नाव लिहायचं, आणि त्यामागे त्या वाचकाला आवडलेल्या पुस्तकांची कार्डं लावायची. पुस्तकाचं नाव, लेखक, कपाटाचा नंबर, बस्स. लोक मागायचेही तसंच, "सुंदररावांनी वाचलेलं द्या." मग देवघेवीचं रजिस्टर कशाला ठेवायचं? शहादेवच्या डोक्यानं असंच चालायचं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं आणि गाव पांगलं. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी पाझर तलावाच्या कामावर. सोसायटीच्या गोदामाशेजारच्या वाचनालयाच्या खोलीत शहादेव एकटा उरला. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. रोज तो खण ओढून एकेक नाव वाचायचा. तेवढंच माणसं भेटल्यासारखं वाटायचं.

मग बीडच्या जिल्हा कार्यालयातून पत्र आलं. तपासणी होणार, कार्डं विषयवार नसतील तर अनुदान बंद. म्हणजे खोलीला कुलूप. शहादेवनं तीन दिवस मान मोडून काम केलं. नावांचे पुठ्ठे काढले आणि शेती, धर्म, चरित्र, कथा असे नवे लावले. सहाशे बारा कार्डं ज्याच्या त्याच्या विषयात गेली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शाबासकी दिली, चहा घेतला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी अंजना आली. तिची आई भिमाबाई चाळिशीत प्रौढ वर्गात अक्षरं शिकली होती आणि मग हावरटासारखी वाचायची. तलावाच्या कामावर ऊन लागून ती वारली, हे शहादेवला आत्ता कळलं.

"मामा, आईनं वाचलेली पुस्तकं मला वाचायचीत. तिच्या नावामागं हायेत न्हवं?"

शहादेवनं खण ओढला. खूप आठवून चार कार्डं निघाली. बोटभर जाडीची गड्डी होती तिची.

"बाकीची न्हाई सापडायची, पोरी. परवाच मी सगळी मिसळली."

"का म्हून?"

शहादेवनं ती चार कार्डं तिच्या हातात दिली.

अंजनानं खणातल्या कार्डांवरून बोट फिरवलं. "ह्यातच हायेत न्हवं? मंग सगळीच वाचते. दर बाजाराच्या दिवशी एक न्यायला येईन."

एवढं वाचायला बारा वर्षं लागतील, हे तिला सांगायला हवं होतं. पण दर आठवड्याला कुणीतरी येणार म्हणून शहादेवला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची त्याला भयंकर लाज वाटत होती.