मुद्दाम की खरं?

आमच्या घरात वाचायचं खातं माझ्याकडे आहे. विजेचं बिल, शाळेची पत्रं, बँकेचे कागद, सगळं मीच वाचते. मी औषधांच्या दुकानात काम करते. 'हिला डॉक्टरांचं अक्षर लागतं, मग कुणाचंही लागतं,' असं नवरा चारचौघांत कौतुकाने सांगतो. कौतुक कसलं, सोय आहे ती. त्याला पाट्या वाचता येतात, आकडे येतात. पण ओळीमागून ओळ आली की अक्षरं एकमेकांत घुसतात आणि त्याला घाम फुटतो. गाडी चालवायला शिकवतो म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. या मास्तरांना धड वाचता येत नाही, हे लग्नाच्या अकरा वर्षांत माझ्याशिवाय कुणाला कळलेलं नव्हतं. आमच्या लेकीलाही नाही.

लेकीला आम्ही गुंडी म्हणतो, कारण दोन वर्षांची असताना तिने बापाच्या शर्टाची गुंडी गिळली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. वर्गात एकदा वाचताना अडखळली, पोरं हसली, तेव्हापासून तिने तोंडाला कुलूप लावलं. वाचायला उठवलं की नुसती उभी राहायची. शेवटी तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं.

"'मला जमणारच नाही' हे तिच्या डोक्यात घट्ट बसलंय," बाई म्हणाल्या. "घरी खेळता खेळता काढा ते." आणि रंगीत कार्डांचा एक गठ्ठा दिला. रोज एक कार्ड उचलायचं आणि आरशासमोर उभं राहून म्हणायचं: मी हुशार आहे, मला सगळं जमतं.

गुंडीने आठवडाभर पोपटासारखं म्हटलं. शाळेतलं कुलूप जसंच्या तसं राहिलं.

"मी उत्तम ड्रायव्हर आहे असं शंभरदा म्हटल्याने गाडी चढ चढते का?" नवरा म्हणाला.

मला राग आला. त्या बाईंनी काहीतरी सुचवलं तरी, याने नुसती जीभ चालवली. तसं मी बोलूनही दाखवलं.

"मी पहिल्या दिवशी गाडी दहा वेळा बंद पाडायला लावतो," तो म्हणाला. "मुद्दाम. क्लच सोडा, आचका बसू दे, बंद पडू दे. मग क्लच दाबा, किल्ली फिरवा, चला पुढे. आठव्या-नवव्या वेळेला माणूस हसायला लागतो. हसला की निम्मा शिकला."

त्याच संध्याकाळी त्याने खेळ काढला. पाच ओळी मोठ्याने वाचायच्या आणि मध्येच मुद्दाम अडखळायचं. कुठलं अडखळणं मुद्दाम आणि कुठलं खरं, ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. नाही ओळखता आलं तर वाचणाऱ्याला एक गुण. गुण दाराच्या मागे खडूने लिहायचे.

गुंडी चार दिवसांत तरबेज झाली. अशी काही अडखळायची की मला खरं-खोटं कळेना. मग तिने बापालाही खेळायला बसवलं. तो प्रत्येक ओळीत अडखळला. तिने "खरं" म्हटलं की हा ठोकून द्यायचा, "चूक, मुद्दाम होतं." दाराच्या मागे त्याचे एकवीस गुण झाले. तो खोटं बोलून जिंकत होता आणि मी गप्प होते.

महिन्याअखेर शाळेची चिठ्ठी आली. शनिवारी प्रत्येक मुलाने आई किंवा बाबांबरोबर सगळ्यांसमोर एक उतारा वाचायचा. उतारा तिथेच मिळणार होता.

"बाबा असेल तर मी वाचेन," गुंडीने सांगून टाकलं. "तो माझ्यासारखाच छान अडखळतो."

ती झोपल्यावर नवरा म्हणाला, "तू जा. माझा घसा बसलाय म्हणून सांग."

"तुझं नाव देऊन आलीय ती."

"तिच्या वर्गातल्या पोरांचे चार बाप माझ्याकडे गाडी शिकलेत. त्यांच्यासमोर माझी शोभा करून घेऊ?"

"नको करून घेऊस. मग ती परत तोंड उघडणार नाही, एवढंच."

मला त्याची दयाही येत होती आणि चीडही. तो उठून बाहेर गेला, गाडी पुसत बसला. स्वच्छच होती ती.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. वर्गातले बाक भिंतीला सरकवले होते, पालक मागे उभे होते. गुंडीने पहिल्या चार ओळी वाचल्या. दोनदा अडखळली, क्षणभर थांबली, पुढे गेली. कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने कागद बापाकडे दिला.

पहिली ओळ त्याने कशीबशी ओढली. दुसऱ्या ओळीत 'निरभ्र' शब्द आला आणि तो थांबला. नि, नि, निर. मागे कुणीतरी खाकरलं.

गुंडी वर्गाकडे वळली. "ओळखा. मुद्दाम की खरं?"

मधल्या सुट्टीत तिने हा खेळ सगळ्यांना शिकवला असणार, कारण पोरं एका सुरात ओरडली, "मुद्दाम!"

सुटायची वाट समोर होती. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्या चार बापांकडे.

"चूक," तो म्हणाला. "खरं होतं. मला वाचायला जड जातं. गुण माझा."

पोरं हिरमुसली. त्याचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला, क्लचवर दाबावा तसा, आणि त्याने तो शब्द पुन्हा पहिल्यापासून धरला. उतारा संपायला बराच वेळ लागला. मधे आणखी सहा वेळा बंद पडला. प्रत्येक वेळी पोरांनी ओळखायचा प्रयत्न केला.

घरी आल्यावर गुंडीने चपलाही काढल्या नाहीत, सरळ दाराच्या मागे गेली.

"बाबा, ते एकवीस गुण," ती म्हणाली. "त्यातले मुद्दाम किती होते?"

नवऱ्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"एकही नाही."

तिने ओल्या फडक्याने एकवीस पुसले आणि तिथे एक लिहिला.

"हा आजचा," ती म्हणाली. "जा, पुस्तक आण."